एसटी, काळीपिवळी आणि लघवी: पॅड घ्यावं, पँट घ्यावी की आणखी काही?

अमळनेरच्या बाई | २८ जून, रात्री १०:४०

नमस्कार. नाव लिहीत नाही, समजून घ्या. वय ५४, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. राहते अमळनेरला. सकाळी एसटीने पारोळा, तिथून काळीपिवळी आणि शेवटचा अर्धा किलोमीटर पायी. घर ते शाळा सव्वा तास, तोही गाडी वेळेवर लागली तर.

लघवी निसटते. धो धो नाही, पण निसटते. खोकला आला, शिंक आली, पोरांपैकी कोणी काही अतरंगी बोललं आणि हसू फुटलं, की थोडी. काळीपिवळी खड्ड्यात आदळली की थोडी. तीन बाळंतपणं झाली, धाकट्याच्या वेळी चिमटा लावावा लागला होता. पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून वाढलं. बीपीची गोळी गेल्या दिवाळीपासून चालू आहे. साखर नाही.

दुसरी तऱ्हा संध्याकाळची. गल्लीच्या तोंडापर्यंत काहीच नसतं. कुलपात चावी घातली की संपलं. चावी फिरवेपर्यंत दम निघत नाही. मागच्या महिन्यात उंबऱ्यावरच झाली. नेमकी सून भाजी घेऊन मागून आली. "मम्मी, पाणी सांडलं का?" म्हणाली. हो म्हटलं, आणि फडकं घेऊन स्वतःच पुसलं.

आतापर्यंत काय करते ते सांगते. पाळीचे पॅड वापरते, लांब जायचं असेल तर एकावर एक दोन. तरी ओलं लागतंच, वास येतो, आणि मांड्यांच्या सांध्यात लाल होऊन चरचरतं. फिक्या रंगाच्या साड्या कपाटात पडून आहेत. सकाळी सहापासून दुपारच्या सुट्टीपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. शाळेत बायकांसाठी संडास आहे, पण कडी तुटलेली. एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हाताने साडी. त्यात पॅड बदलायला तिसरा हात कुठून आणू?

मोठ्या हिमतीने मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर माझाच विद्यार्थी. तिसरीत पाढे म्हणताना रडायचा तो. "बाई, काय देऊ?" म्हणाला. खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आले.

मग मोबाईलवर पाहिलं. पँट, टेप, पॅड, ओव्हरनाईट, एम, एल, एक्सएल. वाचून डोकंच फिरलं. साडीखाली पँटवाला डायपर फुगीर दिसतो का? चालताना आवाज होतो का? भारतीय बैठकीच्या संडासात तो बदलायचा कसा? आणि मला खरंच डायपर लागतो का, की मी उगाच घाबरतेय?

घाईचं कारण श्रावण. आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशची देवी, बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर जागरण, सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन नदीपर्यंत नाचत जायचं. मागच्या वर्षी सगळ्या जावा-नणंदा फुगड्या घालत होत्या आणि मी खुर्चीवर. गुडघे दुखतात म्हणाले. माझे गुडघे ठणठणीत आहेत हो.

वाटसरू | २८ जून, रात्री ११:०५

बाई, पाणी अजून कमी करा. शाळेत असेपर्यंत प्यायचंच नाही. पाणीच नाही तर लघवी कुठून येणार? आमची आई असंच करते.

औषधवाला, पाचोरा | २९ जून, दुपारी ३:१५

वाटसरू भाऊ, तुमच्या आईंना एकदा लघवी तपासायला सांगा. बाकी आपल्या इथल्या नर्स, जळगावच्या सिस्टर, येतील तेव्हा बोलतीलच.

बाई, तुमच्या विद्यार्थ्याला काही वाटलं नसतं. मी २२ वर्षं काउंटरवर आहे. रोज चार-पाच गिऱ्हाइकं हीच वस्तू मागतात. बाप्ये "पेशंटसाठी" म्हणतात, बायका चिठ्ठीवर लिहून आणतात, आणि अर्धे लोक "मोठ्यांचे हगीज" मागतात, कंपनी कोणतीही असो. आम्ही काळ्या पिशवीत घालून देतो. विषय संपला.

आता कामाचं. पाळीचं पॅड आणि लघवीचं पॅड दिसायला भावंडं, पण दोन्हींचं काम वेगळं. पाळीचं रक्त घट्ट आणि संथ येतं. लघवी पाण्यासारखी पातळ, आणि येते ती एकदम. पाळीचं पॅड तेवढ्या वेगाने ती ओढून घेऊ शकत नाही, म्हणून ती वर तरंगते आणि कडेने निघते. लघवीच्या पॅडमध्ये साखरेसारखे दाणे जास्त असतात. ते पाणी ओढून जेली होतात आणि दाबलं तरी सोडत नाहीत. म्हणून वरचा थर लवकर कोरडा होतो.

एकावर एक दोन पॅड लावणं बंद करा. प्रत्येक पॅडला खालून प्लास्टिक असतं. वरचं भरलं की लघवी खालच्यात उतरतच नाही, सरळ मांडीवर येते. खालचं पॅड कोरडंच निघतं ना? म्हणजे पैसे वाया.

पाकिटावर किंवा जाहिरातीत मिलीलीटरचा आकडा असतो, त्यावर फार जाऊ नका. ते मोजमाप प्रयोगशाळेत पूर्ण पॅड बुडवून करतात. अंगावर वाकलेलं, दाबलेलं पॅड तेवढं कधीच घेत नाही. आणखी गंमत सांगतो. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर एका फाटक्या पाकिटातलं पॅड मी उलगडलं. दाणे काढून दोन ग्लासांत सारखे टाकले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. साध्या पाण्यातले फुगून ग्लासभर झाले. मिठाच्या पाण्यातले त्याच्या मानाने किती तरी कमी. लघवीत क्षार असतातच, म्हणजे अंगावर दुसऱ्या ग्लासचाच हिशोब लागू.

तुमच्या वर्णनावरून दिवसा डायपर नको. आधी मोजा. घरात पापडाच्या पिठाचा डिजिटल काटा असेलच. कोरडं पॅड पिशवीत घालून वजन करा. वापरलेलं त्याच पिशवीत घालून पुन्हा करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली समजा, लघवीला हा हिशोब बरोबर बसतो. तीन दिवस, सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं लिहा. मग मी सांगतो काय घ्यायचं. न मोजता सगळ्यात मोठं पाकीट नेणारे लोक महिन्यात परत येतात, "रॅश आला" म्हणत.

पँटची साईज वजनावर नाही, कमरेच्या आणि नितंबांच्या मापावर. टेप लावून इंचात मोजा आणि पाकिटामागचा तक्ता बघा, दर कंपनीचा वेगळा असतो. "सैल असलेलं बरं" ही साडी-ब्लाऊजची सवय इथे चालत नाही. मांडीजवळ फट राहिली की लघवी तिथूनच येणार.

भाव: आमच्याकडे पँटचा एक नग ३५ ते ५० रुपयांच्या दरम्यान पडतो. हलकं पॅड त्याच्या निम्म्याहून कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेवढा दिलासा आहे. छापील किमतीवर सूट मागा, लाजू नका, सगळे देतात.

सिस्टर, जळगाव | २९ जून, रात्री ९:२०

निवृत्त नर्स आहे, ३१ वर्षं वॉर्डात काढली. दुकानदार भाऊंचं सगळं बरोबर. पण बाई, पॅड निवडायच्या आधी एक प्रश्न: तुमच्या बीपीच्या गोळीचं नाव 'प्रिल'ने संपतं का? रामिप्रिल, एनालाप्रिल, असं काही? या गोळ्यांनी बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो, घशात सतत खाजवल्यासारखं होतं. खोकला कधीपासून आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोळ्या दिवाळीपासून आणि खोकला त्यानंतर, असं असेल तर डॉक्टरांना हेच शब्द सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बीपी चढेल. बदलून देण्याचं काम त्यांचं.

वाटसरूंनी सांगितलं ते करू नका. पाणी तोडलं की लघवी गडद आणि तिखट होते, लघवीच्या पिशवीला चावते, आणि पिशवी थोडक्यातच ओरडायला लागते. वर संसर्गाची भीती. मे महिन्यात जळगावला ४४-४५ डिग्री असताना असं पाणी तोडून बेशुद्ध पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दिवसभर थोडं थोडं प्या, लघवी फिकी पिवळी राहील इतकं. रोज चार चहा होत असतील तर मात्र दोनवर आणा, चहाने पिशवी चाळवते.

तुम्हाला दोन वेगळे त्रास आहेत. खोकताना, हसताना, खड्ड्यात निसटते तो खालच्या स्नायूंच्या ढिलाईचा. चावीचा वेगळा: पिशवी अवेळी आवळते, आणि घराचं दार दिसलं की मेंदूच तिला इशारा देतो. असे पेशंट इतके येतात की आम्ही आपसात "कुलूपवाल्या" म्हणायचो.

पहिल्याला व्यायाम. वारा सुटू नये म्हणून आपण जागा आवळतो तशी आवळायची, पाच ते दहा सेकंद धरायची, तितकाच वेळ सोडायची. पोट, मांड्या, श्वास मोकळे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वर्गात मुलं शुद्धलेखन लिहीत असताना करा, कोणाला कळणार नाही. पण तीन महिने नेमाने, आठ दिवसांत "फरक नाही" म्हणायचं नाही. आणि खोकला येतोय असं वाटताच, येण्याआधीच आवळायचं. लघवी करता करता मध्येच रोखून सराव करू नका, ती सवय वाईट.

दाराशी घाई झाली की धावू नका. आहे तिथे उभं राहायचं, पटापट पाच-सहा वेळा आवळायचं, वीसपर्यंत मोजायचं, लाट ओसरली की मग चावी. आणि पारोळा स्टँडवर गाडीत बसण्याआधी जाऊन यायचं. घरी पोहोचून बघू हा विचार सोडा.

त्वचेचं: लघवी अंगावर राहिली की तिचा अमोनिया होतो, त्याने चरचरतं. साबणाने खसाखसा घासू नका. साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट. जाड थापलं तर ते पॅडच्या वरच्या थराला चिकटतं आणि पॅड शोषत नाही. पावडर नको, ओलीत तिच्या गोळ्या होतात.

लघवीची तपासणी आणि साखर एकदा नव्याने करून घ्या. लघवीतून रक्त, ताप, ओटीपोटात दुखणं, किंवा पिशवी भरलेली वाटते पण थेंबथेंबच येते, यांतलं काही असेल तर पॅडच्या चर्चेत वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना.

अमळनेरच्या बाई | ५ जुलै, सायंकाळी ६:१०

सिस्टर, तुम्हाला दंडवत. गोळी रामिप्रिलच आहे. खोकला डिसेंबरपासून. मी त्याला थंडीचा खोकला, मग धुळीचा, मग खडूचा खोकला म्हणत होते. उद्या डॉक्टरांकडे जाते.

भाऊ, मोजलं. काटा न्हाणीघरात नेला तर सुनेने विचारलंच, "मम्मी, न्हाणीत काय मोजताय?" वही काढून म्हटलं, वर्गातल्या पोरांसाठी प्रयोग आहे. खोटंही नाही ते.

पाकिटातलं कोरडं पॅड २२ ग्रॅम. सकाळच्या प्रवासात तीन दिवस ६, ९ आणि १४ ग्रॅम वाढ. चौदाचा दिवस खोकल्याचा. शाळेत दिवसभर जवळजवळ नाही. संध्याकाळी ७०, ८५, आणि एक दिवस शून्य. शून्याच्या दिवशी पारोळा स्टँडवर जाऊन आले होते. रात्री काही नाही. एक आठवडा आधी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दिवसभर चालूच असतं. वही म्हणते दिवसात दोनदाच.

औषधवाला, पाचोरा | ६ जुलै, सकाळी ११:००

बाई, मग तर सोपं झालं. सकाळी हलकं पॅड. शाळा सुटायच्या आधी ते काढून मध्यम-मोठं लावा, ते ८५ सहज घेईल. पॅड सुती, घट्ट बसणाऱ्या निकरमध्येच लावा. सैल, ताण गेलेली निकर असेल तर महागातलं पॅडही सरकतं.

पँट फक्त जागरणाच्या रात्रीला आणि सप्तशृंगीसारख्या लांबच्या प्रवासाला. साडीखाली दिसत नाही, परकर असतो ना. आवाजही नाही, आता बाहेरून कापडासारखं आवरण येतं. पण घालताना आतल्या बाजूच्या दोन उभ्या झालरी बोटाने उभ्या करायच्या. त्या दुमडल्या तर किंमत कितीही असो, बाजूने गळणार. बदलताना पायातून ओढत काढू नका. दोन्ही बाजूंच्या शिवणी टराटरा फाडल्या की पायांमधून निघते. साडी खराब होत नाही, चप्पल काढावी लागत नाही. तुमच्या एका हाताच्या संडासातही जमेल. नवी घालायला मात्र दोन्ही हात आणि चप्पल काढणं आलं, त्यामुळे शाळेत पँटच्या भानगडीत पडू नका.

शिंदखेड्याचा शेतकरी | ८ जुलै, रात्री ८:४५

उशिरा वाचलं, कापसाची निंदणी चालू आहे. बाईंचा प्रश्न सुटत आलाय, पण घरातल्या म्हाताऱ्यांचं कोणी वाचत असेल तर लिहितो.

आबा ७८ वर्षांचे. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून थेंब थेंब गळतं. पहिल्या दिवशी मी शहाणपणाने मोठ्यांच्या डायपरचं पाकीट आणून खाटेवर ठेवलं. आबा म्हणाले, "माले काय लहान पोर समजी राह्यना का तू?" पाकीट दोन महिने कणगीवर पडून. चूक माझीच, विचारलं नव्हतं ना.

मग डॉक्टरांकडच्या एका माणसाने सांगितलं की चालत्या-फिरत्या माणसाला इतकं लागत नाही. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला बसणारं छोटं, पेल्यासारखं पॅड येतं, ते आतल्या चड्डीत चिकटतं. आबा धोतर आणि लंगोटवाले, चड्डी कुठून? गावातल्या शिंप्याकडून नाडीच्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या तीन सुती चड्ड्या शिवून घेतल्या. आबांना सांगितलं, ही लंगोटाचीच मोठी बहीण. हसले आणि घालायला लागले. थेंबांवर आणखी एक उपाय त्यांना डॉक्टरांनी दाखवला: लघवी झाल्यावर अंडकोषामागे दोन बोटांनी हलकं दाबून पुढे सरकवायचं, नळीत राहिलेले थेंब तिथेच पडतात. निम्मं ओलं तेवढ्यानेच गेलं.

रात्री ते बाजेवर झोपतात. दोऱ्यांच्या बाजेवर रबरी कापड टाकलं तर घामाने पाठ उबली, पहाटे पाठीवर बाजेची जाळी छापलेली. आता कमरेखाली तेवढं अंडरपॅड, म्हणजे अंथरायचं ओल शोषणारं पॅड, त्यावर जुनं सुती लुगडं चौपदरी करून. बाजूला लघवीचं भांडं ठेवतो, उठून अंधारात पडण्यापेक्षा बरं. डायपर लावतो तो फक्त लग्नाला, दवाखान्याला नेताना.

आईचा प्रकार वेगळाच. आई नऊवारी लुगडं नेसते, निकर तिने जन्मात घातली नाही. चिकटणारं पॅड चिकटवणार कशाला? तिची जुन्या लुगड्याची घडी आम्ही चालू ठेवली. फक्त दिवसातून चारदा बदलायची आणि उन्हातच वाळवायची. कोणी कमरेच्या पट्ट्याचं पॅड वापरलं असेल, दोन्ही बाजूंनी बंद लावायचं, तर सांगा. मला धुळ्यात चार दुकानांत नाही मिळालं.

आणि टाकायचं कुठे हे कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे घंटागाडी नाही. पहिल्यांदा उकिरड्यावर टाकलं, कुत्र्यांनी गल्लीभर ओढलं. जाळून पाहिलं तर काळा धूर, शेजारच्या काकू भांडायला आल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. संडासात टाकू नका, खड्डा तुंबतो. आता वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून गोणीत साठवतो आणि आठवड्यातून दोनदा बाजाराला जाताना शहराच्या कचरागाडीत वेगळं म्हणून देतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही पॅड-डायपर गुंडाळून द्यायचं लिहिलं होतं. गाडीवाल्याला आधी सांगतो, आत काय आहे ते. तो हाताने वेचतो, त्याला कळायला नको?

सिस्टर, जळगाव | ८ जुलै, रात्री ९:३०

भाऊ, आईंची घडी वाईट नाही, ओली राहिली तर वाईट. रात्री मात्र चार तास ओल्यात जात असतील तर नाडीच्या चड्डीचा प्रयोग त्यांच्यावरही करून पाहा. आबांचं पोट फुगलेलं, टणक लागलं आणि थेंब वाढले तर डायपर बदलत बसू नका, पिशवी रिकामी होत नसेल. लगेच न्या.

अमळनेरच्या बाई | २७ ऑगस्ट, रात्री १०:१५

दोन महिन्यांनी लिहितेय. शाळेत सर्वेक्षण, मग कानबाई. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, हिशोब देणं लागते.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. खोकला लगेच गेला नाही, तीन आठवडे लागले. आता नाही. सकाळचे आकडे ३, ४, एक दिवस शून्य. काळीपिवळीचे खड्डे आहेत तिथेच आहेत. व्यायाम शुद्धलेखनाच्या तासाला करते. फळ्यावर "आवळा, पेरू, सीताफळ" लिहून दिलं आणि आवळा या शब्दाला मला स्वतःलाच हसू आलं. पोरं बघत राहिली.

संध्याकाळचं कुलूप अजून पूर्ण सुटलेलं नाही. आठवड्यात एखादा दिवस चाळीस-पन्नास ग्रॅम होतातच. वीसपर्यंत मोजायचं जमतं, पण पाऊस असला आणि छत्री, डबा, पिशवी हातात असली की गणित चुकतं.

खरेदी त्याच मेडिकलमध्ये केली. विद्यार्थ्यानेच दिली. काळी पिशवी काढायला लागला, मी म्हटलं राहू दे, कापडी पिशवी आणलीय. पँट आधी एल घेणार होते, कारण सगळं मी एलच घेते. टेपने मोजलं तर नितंब ४२ इंच, पाकिटामागच्या तक्त्यात एम. रविवारी घरीच घालून पाहिली, वाकून झाडू मारला, पाट्यावर बसले, जिना चढले-उतरले. मगच कानबाईसाठी ठेवली.

२३ तारखेला रात्री नऊला घातली. रोट, आरत्या, गाणी. तीनच्या सुमारास धाकट्या जावेने हात धरून ओढलं. फुगडी घातली. एक नाही, पाच. पाचवीला विहीणबाई समोर होत्या आणि त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, हे नोंदवून ठेवते.

पहाटे काढून वजन केलं, १०५ ग्रॅम वाढ. साडी कोरडी. तिथे हुरळले. दुसरी घातली घाईघाईत, बाहेर ढोल वाजत होते आणि नणंद दारावर थाप मारत होती. झालर उभी करायची राहिली. नदीला जाताना डाव्या मांडीवर ओघळ आला. लाल साडी होती आणि नदीत सगळ्याच गुडघाभर उतरणार होत्या, म्हणून निभावलं. भाऊ, तुम्ही सांगितलं होतं, मीच विसरले.

शाळेच्या संडासाला कडी मी स्वतः लावून घेतली. सुतार, बिजागरी, कडी मिळून १८० रुपये. झाकणाची एक बादलीही ठेवली, कागदात गुंडाळलेलं त्यात. शनिवारी अमळनेरला घेऊन येते आणि घंटागाडीत देते. सातवीच्या मुलीही आता ती बादली वापरतात.

शिंदखेड्याच्या भाऊ, पट्ट्याचं पॅड पारोळ्यातही नाही मिळालं. विद्यार्थ्याने मागवून बघतो म्हटलंय. आलं तर एक पाकीट तुमच्या आईंसाठी बाजूला ठेवायला सांगू का? आणि काटा. सून परवा म्हणाली, मम्मी, तो काटा आता न्हाणीतच राहू द्या, मी पापडासाठी नवा आणते.